सहाव्या रांगेच्या मागे

१

व्याख्यान चालू असताना खापराचा तुकडा लोकांच्या हातांतून फिरत असेल, तर तो टेबलावर परत येईपर्यंत दिवे लावायचे नाहीत. का, ते विचारायचं नाही.

संग्रहालयात ती रुजू झाली त्या पहिल्याच सकाळी तिला हा नियम सांगण्यात आला. तोही कसा, तर जादा खुर्च्या कुठे ठेवतात आणि पंख्याचं तिसरं बटण का दाबू नये, या दोन गोष्टींच्या मधोमध, सहज बोलता बोलता.

"का पण?" तिने विचारलं.

"आत्ताच सांगितलं ना, ते विचारायचं नाही," अध्यक्ष म्हणाले आणि पंख्याकडे वळले. अध्यक्ष म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. जन्मभर जमिनी मोजल्या, आणि गेली तीस वर्षं लोकांना जमिनीखालचं सांगत आले होते. शेजारी मंडळाचे चिटणीस उभे होते. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ते म्हणाले, "घाई करू नकोस, घाई."

घाई हे तिचं टोपणनाव. लहानपणी आत्याचं बोट धरून ती या संग्रहालयात यायची आणि दर दोन मिनिटांनी "संपलं का?" विचारायची, तेव्हा मास्तरांनी ते ठेवलं. पुढे तिने पुरातत्त्वात एमए केलं, पहिली आली, आणि इथेच व्याख्यानं भरवण्याची नोकरी मिळवली. तरी मंडळाच्या लेखी ती घाईच. "घाईला सांगा खुर्च्या मांडायला." "चहाचं घाई बघेल."

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता व्याख्यान असे. मालिकेचं नाव 'आपल्या पायाखाली'. पडदे ओढून अंधार करायचा, पडद्यावर स्लाइड दाखवायच्या आणि मध्येच तो तुकडा पहिल्या रांगेत द्यायचा. मडक्याच्या बुडाचा, तळहाताएवढा, तांबूस. कुंभाराने ओलं मडकं उचललं तेव्हा त्याची चार बोटं मातीत रुतली होती आणि ते चार खळगे भट्टीत भाजून कायमचे राहिले. अंगठ्याकडची बाजू तुटून गेलेली. ज्याच्या हातात तुकडा जाई तो आपली चार बोटं त्या चार खळग्यांत घालून पाही, हसे आणि शेजाऱ्याला देई. एक रांग डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे, असा सापासारखा वळत तो सहा रांगा मागे जाई.

सहाव्या रांगेच्या खुर्च्यांची पाठ भिंतीला टेकलेली. मागे पिशवी ठेवायलाही जागा नाही. त्या रांगेतली खिडकीकडची शेवटची खुर्ची आत्याची. तिथून तुकडा घेऊन आत्या बाजूच्या वाटेने पुढे येई आणि टेबलावर ठेवी. मग दिवे.

एवढी साधी गोष्ट. यात विचारायचं नाही असं काय होतं, ते तिच्या डोक्यात शिरेना, आणि डोक्यात न शिरलेली गोष्ट तिला काट्यासारखी सलत राही.

२

दुसऱ्या महिन्यात तिने मोबाइलवर वेळ लावली. तुकडा आत्यापर्यंत पोचला पाच मिनिटांत. चौतीस माणसं, म्हणजे ठीकच. पण आत्याकडून टेबलावर यायला सोळा मिनिटं लागली.

ती सोळा मिनिटं अध्यक्षांनी कशी काढली, ते पाहून तिला दातओठ खावेसे वाटले. "ही खड्ड्याची उत्तर बाजू," ते म्हणाले. उत्खननात उघडे पडलेले मातीचे थर दाखवले. मग स्लाइड बदलली. "आणि ही पुन्हा उत्तर बाजू, जरा जवळून." लोक चुळबुळू लागले. एक बाई मुलाला घेऊन वाकून बाहेर गेली. अध्यक्ष चष्म्यावरून सारखे मागे बघत होते आणि तिसऱ्यांदा उत्तर बाजूकडे वळत होते.

तिने मान वळवून पाहिलं. अंधारात आत्या ताठ बसली होती. उजवा हात खांद्यावरून मागे टाकलेला, कोपर वर, जणू पाठीला खाज सुटली आहे आणि हात पोचत नाही.

खांदा आखडला असेल, तिने मनाशी ठरवलं. म्हातारं माणूस, अंधार, पंख्याचा वारा. डोळा लागत असेल, तुकडा मांडीवर पडून राहत असेल, आणि हे दोघे इतके भिडस्त की तीस वर्षांत तिला उठवायला कुणी गेलं नाही. त्याचाच पुढे नियम झाला. मंडळाचे निम्मे नियम असेच जन्मले असणार.

तेवढ्यात आत्या उठली आणि तुकडा घेऊन आली. टेबलावरून तो उचलताना तिला तो गरम लागला, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा. इतक्या हातांतून आलेली वस्तू गरम लागणारच. पण तुकडा ठेवताना आत्याची बोटं तिच्या मनगटाला लागली होती, आणि ती बर्फासारखी गार होती.

"सोळा मिनिटं," लोक गेल्यावर ती मास्तरांना म्हणाली. "पुढच्या वेळी निम्मे लोक येणार नाहीत. येऊ नयेतच."

मास्तर खुर्च्यांवर खुर्च्या रचत होते. "पुढच्या वेळी घड्याळ घरी ठेव," ते म्हणाले.

३

आई गेल्यापासून घरात दोघीच. आत्या आणि ती. त्या रविवारी सकाळी तिने पाहिलं, आत्या खिडकीपाशी उभी राहून ब्लाउजची बटणं डाव्या हाताने लावत होती.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही गं. बोटांना कळत नाही बटण कुठंय ते."

तिने हात ओढून घेतला. चारही बोटं गारठलेली, पण अंगठा चांगला ऊबदार, जणू दुसऱ्याच हाताचा. आणि बोटांची टोकं गुळगुळीत. त्यांवर एक रेष नव्हती. नदीतल्या गोट्यासारखी झाली होती ती.

"म्हणून तुझा फोन उघडत नाही होय."

"अंगठ्याने उघडतो," आत्या म्हणाली. "मी अंगठाच लावते हल्ली."

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले नस दबली असेल, मानेचा पट्टा वापरा, गोळ्या घ्या. रेषा गेल्याचं काय, तर म्हणे वयाने जातात, भांडी घासून जातात. "भांडी मी घासते," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परतताना रिक्षात तिने सरळ विचारलं. "आत्या, त्या मागच्या खुर्चीवर तू काय करतेस?"

"बसते."

"सोळा मिनिटं?"

"मागे कुणीतरी बसायला हवं ना." आत्या रस्त्याकडे बघत होती. "पुढे बोलायला दहा जण मिळतात. मागे बसायला कुणी मिळत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझं माझ्यावर ओरडून झालं असेल तर पेठेपाशी उतरू, तुझ्या चपला दुरुस्तीला टाकायच्यात."

या पिढीला काहीही विचारा, उत्तर चपलांवर येऊन थांबतं. तिचं डोकं तापलं. नस दबली असली तर जुन्या खुर्चीत हात वर करून बसल्याने ती आणखी दबणार, हे तरी उघड होतं. महिनाभरात आत्याला त्या खुर्चीवरून उठवायचं, असं तिने तिथेच ठरवलं. तो हात वाया जाऊ द्यायचा नाही.

४

पुढचं व्याख्यान तिने स्वतःकडे मागून घेतलं. अध्यक्षांचा घसा बसला होता, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना आवाज नव्हता. मास्तर तेवढं म्हणाले, "तुकडा फिरव, पण नियम पाळ."

"पाळीन," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती. तुकडा ती फिरवणारच नव्हती.

तिने रबराचा साचा केला आणि त्यात प्लास्टर ओतून तुकड्याची नक्कल काढली. कॉलेजात अशा पन्नास काढल्या होत्या. पांढरीशुभ्र, चार खळगे जसेच्या तसे. काठ पॉलिश पेपरने घासले. रंग मुद्दाम दिला नाही, म्हणजे अंधारातही दिसेल कुठे आहे ती. अस्सल तुकडा कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. लोकांना हातात घ्यायला मिळेल, वस्तू सुरक्षित राहील, आणि नियम काय तो त्या तुकड्याचा, प्लास्टरचा नाही. आपल्या हुशारीवर ती खूश होती.

आत्याला तिने घरी बसवलं. "आज तू येणार नाहीस. मानेला पट्टा लाव आणि पडून राहा."

"मागे कोण बसणार?"

"जो येईल तो बसेल. सभागृह आहे ते, आत्या."

आत्या पट्टा हातात धरून बसून राहिली.

गर्दी चांगली झाली. तिने शाळांमध्ये पत्रकं वाटली होती, त्यामुळे पोरं आणि त्यांचे आईबाप, सहा रांगा भरल्या. शेवटच्या खुर्चीवर समोरच्या दुकानातला शिंपी बसला, मांडीवर लेक. अध्यक्ष आणि मास्तर पहिल्या रांगेत होते. मागे कोण बसलंय ते दोघांनी वळून पाहिलं आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

तिने पडदे ओढले. छान बोलत होती. पोरं हसत होती. नक्कल पहिल्या रांगेत दिली आणि तो पांढरा ठिपका अंधारातून वळत वळत मागे जाताना तिला नीट दिसत राहिला. सहाव्या रांगेत पोचला. खिडकीकडे सरकला. आणि मग दिसेनासा झाला.

५

तिने दोन मिनिटं वाट पाहिली. मग म्हणाली, "शेवटच्या खुर्चीवर कोण आहे? ती वस्तू पुढे आणता का?"

"दिली की मॅडम," शिंपी म्हणाला. "मागे दिली."

"मागे कुणाला?"

"हात केला ना मागून कुणीतरी."

पोरं खिदळली. तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. "अहो, मागे भिंत आहे."

"मग असेल," शिंपी ओशाळून म्हणाला. "पण घेतली."

झालं. आता खुर्च्यांखाली शोधा. ती रिमोट हातात घेऊनच दिव्यांच्या बटणांकडे निघाली, तर मास्तरांनी पहिल्या रांगेतून उठून तिचं मनगट पकडलं. उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्या अंगाला हात लावला नव्हता.

"दिवे नको," ते कुजबुजले. "बोलत राहा."

"सोडा, मास्तर."

"उत्तर बाजू दाखव. काहीही दाखव."

तिने हात हिसडला. त्या झटापटीत रिमोटचं बटण दाबलं गेलं. पुढची स्लाइड शेवटची होती, कोरी, पांढरी. सगळं सभागृह उजळून निघालं.

पहिल्या रांगेत अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्यामागे पोरांची, आयांची तोंडं, डोळे किलकिले करणारी. सहाव्या रांगेत शिंपी आणि त्याची लेक. त्यांच्या मागे सातवी रांग. सातवीच्या मागे आठवी. भिंत असायला हवी होती तिथे तोंडांमागे तोंडं होती, नीट रांगेत बसलेली, मागे मागे लहान होत गेलेली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे किंचित कलला होता, हात मांडीवर उघडा ठेवून, आपली पाळी कधी येते त्याची वाट बघणारं माणूस कलतं तसा. आणि खूप मागे, जिथे डोकी टाचणीएवढी झाली होती, तिथे एक पांढरा ठिपका या हातातून त्या हातात सरकत होता. आणखी मागे चालला होता.

तिने आधीच्या स्लाइडचं बटण दाबलं. अंधार झाला.

उजेड एकदम डोळ्यांवर आला की असं होतं, ती स्वतःला सांगत होती. समोरची तोंडं डोळ्यांत राहतात आणि भिंतीवर पुन्हा दिसतात. शाळेत शिकलोय हे आपण. पण बाई, डोळ्यांत राहिलेली तोंडं समोर बघत होती. ही शेजारी बघत होती.

"ही," ती म्हणाली, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाली, "ही खड्ड्याची उत्तर बाजू."

दार उघडलं. गळ्यात पट्टा घातलेली आत्या आत आली. कुणाशी न बोलता बाजूच्या वाटेने मागे गेली. शिंपी उठला, लेकीला कडेवर घेऊन पुढे आला आणि जमिनीवर बसला. आत्या खुर्चीत बसली आणि उजवा हात तिने खांद्यावरून मागे टाकला.

बेचाळीस मिनिटं गेली. घाई बोलत राहिली. उत्तर बाजू, पुन्हा उत्तर बाजू. काळा थर, राखेचा थर, पुन्हा काळा थर. पोरं पेंगली. कुणी उठून गेलं नाही, आणि त्याबद्दल तिने मनातल्या मनात एकेकाचे पाय धरले.

मग आत्या पुढे आली आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. मास्तरांनी दिवे लावले.

मागे भिंत होती. एक खिळा, ओलीचा एक डाग. सहाव्या रांगेच्या खुर्च्या तिला टेकलेल्या.

टेबलावर तिची प्लास्टरची नक्कल होती. दुपारी पांढरीशुभ्र होती ती, आता पिवळट, तेलकट, चकचकीत झाली होती. जुन्या जिन्याच्या कठड्यासारखी. काठ झिजून गोल झाले होते. आणि बोटांचे ते चार खळगे घासून घासून इतके खोल गेले होते की चारही ठिकाणी आरपार भोकं पडली होती. त्यांतून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

६

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी साडेतीन वाजता चौघं कार्यालयात बसले. शेजारचं सभागृह कुलूपबंद होतं, लोक यायला अजून अवकाश होता. आत्याचा उजवा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. तो तिने डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"ताईंना आता जमणार नाही," अध्यक्षांनी सुरुवात केली. घसा सुधारला होता. "आणि सारखा नवा माणूस तिथे बसवणं बरं नाही. घरातलं माणूस असलं की..."

"की काय?"

"परत देतात," मास्तर म्हणाले.

"तुला आता ठाऊक झालंय," अध्यक्ष म्हणाले. "हात तरुण आहेत. तुला वीस-पंचवीस वर्षं तरी काही होणार नाही. आणि तुझी नोकरी कायम करायची, असं आम्ही ठरवलंय."

"वा," ती म्हणाली. "आधी बोटं द्या, मग नेमणूक घ्या."

"असं तोडून बोलू नये, घाई."

"मग बंद करा व्याख्यानं. कुलूप ठोका. तुकडा नेऊन जिथे सापडला तिथे पुरा."

मास्तर म्हणाले, "बंद केली होती एकदा. दोन महिने." त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "त्याच्या आधी आपल्या सभागृहात आठ रांगा होत्या."

"पुरे, मास्तर," आत्या म्हणाली.

घाईला त्या दोन रांगांचं काय झालं, कुणी बसलं होतं का त्यांत, हे विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर या लोकांनी उत्तर दिलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला उत्तर नको होतं.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्या तिच्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून म्हणाली, "तू नको. मी बसेन. डावा हात आहे अजून."

त्याबरोबर घाईच्या आत काहीतरी तडकलं. भीती होतीच, पण तिच्यावरून संताप उसळून आला. तीस वर्षं. या दोघांनी आलटून पालटून माइक धरला, हारतुरे घेतले, वर्तमानपत्रात फोटो छापून आणले. आणि बाई मागे बसली. तिच्या बोटांच्या रेषा गेल्या, तर कुणी म्हणालं नाही की ताई, आज मी बसतो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "विचारायचं नाही असं सांगू नका, मी विचारणार आहे. तुमच्यापैकी कोण कधी बसलंय त्या खुर्चीवर?"

"व्याख्यान द्यायला कुणीतरी लागतं," अध्यक्ष म्हणाले.

"ते मी देते. मला येतं, पाहिलंत तुम्ही. बेचाळीस मिनिटं उत्तर बाजू सांगितली मी. आजही सांगेन, दोन तास सांगेन, सकाळपर्यंत उभी राहीन. दिवे लावणार नाही. पण मागे मी बसणार नाही. आणि आत्याही बसणार नाही, उजव्या हाताने नाही की डाव्या हाताने नाही. तिला मी आत्ता घरी पाठवतेय."

"अगं, पण घरातलं माणूस लागतं," मास्तर म्हणाले.

"तीस वर्षं इथे येताय. यापेक्षा आणखी घरातलं कोण असतं?"

तिने कपाट उघडलं, तुकडा काढला आणि त्या दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवला. खळगे वर करून.

"पंचवीस मिनिटं आहेत. दोघांनी मिळून ठरवा."

शेजारच्या कुलूपबंद सभागृहात एक खुर्ची सरकली. मग दुसरी. कुणीतरी हळूच घसा खाकरला, लवकर येऊन बसलेला माणूस खाकरतो तसा. आत्याने डाव्या हाताने भाचीचा दंड घट्ट धरला.

मास्तर तुकड्याकडे बघत होते. अध्यक्षांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते त्यांनी सावकाश उचलले आणि कोटाच्या खिशात घातले. मग मास्तरांनीही हात मांडीवर, टेबलाखाली नेले.

"बोला," ती म्हणाली.

शेजारी आणखी एक खुर्ची सरकली.